पट्टी घ्या, घाट विसरा

मोठ्या ट्रकांसाठी मार्गांचं जाळं आखायला बसलात ना? मग आधी खुर्ची एसीखाली ओढून घ्या. खान्देशात प्रत्यक्ष येऊ नका, मे महिन्यात तर नकोच.

सुरुवात नंबरांपासून करा. रस्ता सुधारायला कोटी लागतात, नंबर बदलायला रंगाचा एक डबा. २०१० मध्ये तेच केलं. आमच्या सहा नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाचा ५३ झाला. तीन नंबरचा इंदूरकडचा तुकडा नि सोलापूरचा २११ जोडून ५२ केला. धुळ्यातला ड्रायव्हर अजून 'सहा नंबर'च म्हणतो. अडाणी!

मग वजन. २०१८ मध्ये मागच्या चार टायरांच्या अॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टनांची मुभा मिळाली. सव्वा-दीड टनानं काय होतंय! रस्त्याची झीज अॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढते, हा जुना ठोकताळा मात्र बैठकीत काढू नका. त्या हिशेबानं झीज दीडपटीहून जास्त भरते. खड्डे पावसावर ढकला, पाऊस खुलासा द्यायला येत नाही.

आता मुख्य काम. पट्टी ठेवा आणि धुळे ते सोलापूर रेघ मारा. मध्ये चाळीसगावपुढे कन्नडचा घाट लागतो. २०२१ मध्ये तिथे दरडी कोसळल्या, २०२३ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं अवजड वाहनं बंद झाली. रेघ तोडू नका, नकाशा वाईट दिसतो.

त्यानंतर आमच्या बुकिंगची एक चौदा टायरी शिरपूरहून सूत भरून सोलापूरला निघाली. ड्रायव्हर राजस्थानचा, वाट नवी. मोबाइल म्हणाला घाट, तो घाटाच्या पायथ्याशी. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, आठून गाडी जावाव नही." ह्याला अहिराणी कळेना, त्यानं मोबाइलच पुढे केला. टपरीवाल्यानं निळ्या रेघेवर चहाचा ओला ग्लास ठेवला. मग कळलं.

गाडी वळवताना क्लीनर अर्धा तास फाळका बडवत होता. पुढे नांदगावचा फेरा. ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, दिवसाला २०० किलोमीटरांची मुदत, आणि अंतर पोर्टल पिनकोडवरून काढतं. पिनकोडला घाट नसतो.

तेव्हा आराखड्यात जादा डिझेलचा एक रकाना ठेवा आणि कोराच सोडा. आमच्याकडे तो ड्रायव्हरच्या भत्त्यातून भरतात.