मांजरपाटाचा बैल

तान्ह्या पोळ्याला बाजारातून लाकडी नंदी आणायचा, चाकांवरून दारोदार ओढत न्यायचा, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, घ्यायचा आणि संध्याकाळी त्याचं आइसक्रीम खायचं, ही आमच्या नागपूरची रीत. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ती सुरू केली असं सांगतात. एवढ्या वर्षांत नंदी शिवायचं कुणाला सुचलं नव्हतं. आमच्या कन्येला सुचलं. तिला मऊ बैल हवा होता, रात्री कुशीत घेता येईल असा. "शिवू की," मी म्हणालो. घरात शिलाई मशीन होतं, मला चित्र बरं काढता येतं, आणि मुख्य म्हणजे बायको माहेरी गेली होती.

गांधीबागेच्या कापडबाजारातून मांजरपाट आणलं. वर्तमानपत्रावर बैल काढला, एका बाजूने, रुबाबदार. तसे दोन तुकडे कापले, कडेने टीप मारली, उलटवलं, कापूस भरला. आई बराच वेळ बघत राहिली.

"काऊन रे, लोड शिवला का?"

"बैल आहे."

"हाव का," आई म्हणाली आणि देवघरात निघून गेली.

लोकांना वाटतं, कागदावर काढलं तसंच कापडात उतरतं. कापूस आत गेला की कापड स्वतःचं डोकं चालवतं. १० सेंटीमीटर रुंद काढलेला पाय ठासून भरला की गोल होतो आणि त्याची जाडी साडेसहाच्याही खाली येते. मग कागदावरच्या त्या भक्कम जनावराला बकरीचे पाय फुटतात. शिवाय नुसते दोन तुकडे जोडले की चारऐवजी दोनच पाय होतात, हे तर कुणी सांगतच नाही. त्यासाठी पोटाखालून वेगळी पट्टी लागते. तिला चारही पायांच्या आतल्या बाजू जोडलेल्या असतात आणि ती मधोमध टक्स, म्हणजे चिमटे, घालून आत ओढायची, नाहीतर बैल चारी पाय फाकवून उभा राहतो. माझा राहिला. पण उभा राहिला, हे लक्षात घ्या.

शिंगांची कथा निराळी. बेत खिल्लारचा होता, लांब, मागे वळलेली, टोकदार शिंगं. आता बोटभर जाडीची वाकडी नळी शिवून ती उलटवून बघा. वळणावर शिवणीबाहेरची माया कातरली नाही तर कापड चुण्या घालून बसतं; जास्त कातरली तर टीपच सुटते. पेन्सिलीच्या मागच्या बाजूने टोक बाहेर ढकलायला गेलो तर टोकाच्या जागी पेन्सिलच बाहेर आली. दरवेळी शिंग थोडं आखूड करत गेलो. गवळाऊ बैलाची शिंगं आखूडच असतात आणि ती जात आपल्या वर्ध्याकडची, हे त्याच सुमारास लक्षात आलं. उगाच पश्चिम महाराष्ट्राचा बैल कशाला?

खरी परीक्षा वशिंडाची. बिनवशिंडाचा बैल म्हणजे म्हैस. वरून गोळा शिवला तर तो टेंगळासारखा दिसतो. पाठीतूनच उठून आल्यासारखा दिसायला हवा. सपाट कापडातून घुमट कसा काढायचा यावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि मग कपाटात बायकोच्या ब्लाउजचे कागदी बेत सापडले. कटोरी! वाटीसारखे वळणदार तुकडे, एकाची बाहेरवळलेली कड दुसऱ्याच्या आतवळलेल्या कडेला जोडायची, की सपाट कापड आपोआप फुगतं. गल्लोगल्लीचे टेलर हे रोज करतात आणि त्यांना कुणी शिल्पकार म्हणत नाही, हा अन्यायच आहे. छत्तीसच्या मापाचं वशिंड निघालं. फार देखणं.

बायको परतली ती नेमकी डोळ्यांच्या वेळी. डोळ्याची गुंडी नुसती शिवून भागत नाही. दाभणात दुहेरी दोरा घ्यायचा, एका गुंडीतून डोकं आरपार करून दुसरीत काढायचा आणि ओढायचा, म्हणजे डोळ्यांना खोबण येते. किती ओढायचा त्यावर स्वभाव ठरतो. जरा ओढला की बैल विचारात पडतो. आणखी ओढला की तो आपल्यावर संशय घेतो.

"हे माझं दाभण," बायको म्हणाली. मग तिची नजर वशिंडावर गेली. "आणि हे माझं माप."

विषय कलेकडे वळवणं भाग होतं. मी सांगितलं, १९६२ मध्ये अमेरिकेत क्लेस ओल्डनबर्ग नावाच्या शिल्पकाराने कॅनव्हासचा सात फूट रुंद हॅम्बर्गर केला, आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी भरून. आज तो कॅनडात टोरांटोच्या संग्रहालयात आहे.

"शिवला कोणी?"

शिवला त्याच्या बायकोने, पॅटीने. हा तपशील मी गाळणार होतो.

"वाटलंच," म्हणत तिने बैल ओढून घेतला, पोटातला गुठळ्यांचा गादीचा कापूस उपसून काढला, पायांत रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम कापूस, चिमटी-चिमटीने खुरापासून वर ठासलं आणि पोट आतल्या टाक्यांनी असं बंद केलं की शिवण शोधून सापडेना. मी झूल केली. झूल उत्तम झाली.

तान्ह्या पोळ्याला बैल चाकांच्या पाटावर चढवून निघालो. शेजारच्या काकूंनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा... बैल आहे ना गं?"

"बाबांनी केलाय," कन्या म्हणाली.

काकूंनी दहाची नोट परत आत ठेवली आणि पन्नासची काढली. पुढच्या घरीही तेच. सागवानी नंदीवाली पोरं दहा-वीसवर कटत होती आणि आमच्या पोरीला "बाबांनी केलाय" एवढ्यावर लोक कळवळून पैसे देत होते. तिने तर तिसऱ्या घरापासून प्रश्नाची वाट बघणंच सोडलं. दार उघडलं की आधी हेच वाक्य. घरी येऊन बोजारा मोजला तर लाकडी नंदी आणून वर त्याला घुंगरमाळ आली असती.

बायकोने हात पुढे केला.

"काय?"

"शिलाई."