वहिनीच्या मराठीला शाळेत जागा हवी

गेल्या रविवारी बेळगावहून, वडगावच्या आमच्या घरून, वहिनीचा फोन आला. पुतणी दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. तिच्या डायरीत बाईंनी इंग्रजीत काहीतरी लिहून दिलं होतं, त्याचा फोटो वहिनीने आधीच पाठवला होता. मी अर्थ सांगितला : मुलीशी घरी इंग्रजीतच बोला. वहिनी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तिच्याशी बोलायचंच नाही काय, भावजी?"

वहिनी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. मागाचा सगळा हिशेब तिच्याच अक्षरात असतो. रात्री पोरीला जवळ घेऊन गोष्ट सांगणारीही तीच. त्या एका ओळीने शाळेने तिला तिच्याच घरात मुकं करून टाकलं.

मी कॅलिफोर्नियात, फ्रेमॉन्टला राहतो. इथे मुलाला शाळेत घालताना एक फॉर्म भरून घेतात. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला शिकलं, घरी ते जास्त करून कोणती भाषा बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात, असे चार प्रश्न. ओळखीतले काही मराठी पालक चारही ठिकाणी 'इंग्रजी' लिहून मोकळे होतात, मुलावर शिक्का नको म्हणून. आमच्याही घरी त्यावर वाद झाला. शेवटी आम्ही खरं ते, म्हणजे मराठी, लिहिलं. मुलाची चाचणी झाली आणि 'इंग्रजी शिकणारा विद्यार्थी' अशी नोंद झाली. पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या, घरी मराठीतच बोला, मराठीतच वाचून दाखवा, इंग्रजीचं आम्ही बघतो. बेळगावात वाढलेल्या मला शाळेच्या तोंडून हे ऐकायची सवय नव्हती. घरी येईपर्यंत गळा दाटला होता.

इथे सगळं पहिल्यापासून असंच होतं, असं नाही. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक मुलांच्या 'लाउ विरुद्ध निकोल्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले, पण मुलाला भाषाच कळत नसेल, तर त्याला समान शिक्षण म्हणता येत नाही. तरीही १९९८ मध्ये याच कॅलिफोर्नियाने मतदान घेऊन द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद पाडले. ती चूक दुरुस्त व्हायला २०१६ उजाडलं. त्या अठरा वर्षांत जी मुलं शाळेतून बाहेर पडली, त्यांचं काय गेलं, याचा हिशेब कुणी द्यायचा?

आपल्याकडे उलटी भीती आहे. मराठी वाचलं तर इंग्रजी कच्चं राहील, असं पालकांना वाटतं. टोरांटो विद्यापीठातले जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले आहेत की एका भाषेत कमावलेलं वाचन-आकलन दुसऱ्या भाषेत कामी येतं. बेळगावच्या माणसाला हे समजायला प्रबंध वाचावा लागत नाही. ज्या पोराला बाराखडी पक्की येते, त्याला कन्नडचं कागुणित पटकन साधतं. अक्षरांचं वळण वेगळं, पण क, का, कि, की ही चाल तीच. क नंतर ख, ग, घ हा क्रमही तोच. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे 'सी' कधी स होतो, कधी क. अक्षर म्हणजे आवाज, ही मूळ गोष्ट आधी ज्या लिपीत सरळ आहे तिथे पक्की झाली, तर मूल पुढच्या गोंधळाला घाबरत नाही. शब्दांचंही तसंच. दोरीवरची ओली साडी उन्हात कशी वाळते, पाणी कुठे जातं, हे वहिनीने मराठीत समजावलं की बाष्पीभवनाचा इंग्रजी शब्द हे फक्त नवं नाव उरतं. कल्पना डोक्यात आधीच बसलेली असते.

आता सीमाभागातल्या वादाबद्दल. फलक मराठीत हवेत, सरकारी कागद मराठीत मिळावेत, या मागणीच्या बाजूने मी आहे, इतक्या दुरूनही. ज्या १९५६ मध्ये आपण तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात टाकले गेलो, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करायच्या. पुढे पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवा, हा कर्नाटक सरकारचा १९९४ चा आदेश २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे टिकला नाही. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा ठरला, आणि पालकांनी इंग्रजी निवडलं. मी त्यांना दोष देत नाही. इंग्रजीच्या जोरावरच मी इथे पोचलो. त्यात २०१५ च्या कायद्याने कन्नड सक्तीची झाली. तिसरी भाषा हिंदी घेतली की मराठी वेळापत्रकातून गळते. मग ती फक्त घरात उरते, आणि तिथूनही काढा, असं डायरी सांगते.

माझं भांडण या शेवटच्या पायरीशी आहे. मोर्चा काढणाऱ्या आपल्या संघटनांनी इंग्रजी शाळांच्या दारातही जावं आणि एवढंच मागावं : आईबापांना येणाऱ्या सूचना त्यांच्या भाषेत द्या. मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत. कन्नड आईचं दुःख वहिनीपेक्षा निराळं नाही, आणि या मागणीत ती आपल्या शेजारी उभी राहील, असं मला मनापासून वाटतं. कॅलिफोर्नियात एखाद्या शाळेतल्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांची मूळ भाषा इंग्रजी नसून दुसरी एखादी ठरावीक भाषा असेल, तर पालकांना जाणारी पत्रं त्या भाषेतही द्यावी लागतात, हा कायदा आहे. बेळगावात कितीतरी वर्गांत हा आकडा सहज ओलांडला जाईल. आणि भाषांतराला माणूसही शोधावा लागणार नाही, बहुतेक बाई स्वतःच घरी मराठी नाहीतर कन्नड बोलतात.

वहिनीला मी म्हटलं, त्याच पानावर खाली उत्तर लिहा. "मराठीत लिवलं तर चालंल काय?" तिने विचारलं. म्हटलं, मराठीतच लिहा. काल तिने फोटो पाठवला. हिशेबाच्या वहीतलंच गोल, नेटकं अक्षर : 'मुलगी रोज माझ्याजवळ बसून मराठी वाचते. घरचा अभ्यास मराठीत समजावून सांगितलात तर मी करून घेईन.' फोटोखाली मला वेगळं विचारलं होतं, 'समजावून'मधला वू बरोबर आहे ना, भावजी, बघून सांगा, मग डायरी दप्तरात घालते.