पासपोर्ट सोडला म्हणून टॅक्स सुटत नाही

संसदेत आकडा जाहीर झाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. 2022 मध्ये 2,25,620 जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, 2023 मध्ये 2,16,219, 2024 मध्ये 2,06,378. एक तट ओरडतो 'गद्दार', दुसरा म्हणतो 'एवढा टॅक्स भरून मिळतं काय? जाणारच लोक!' पहिल्याबद्दल न बोललेलंच बरं. पण दुसऱ्याचा पायाच कच्चा आहे.

आपल्याकडे प्राप्तिकर मुख्यतः मुक्काम बघून लागतो. वर्षात 182 दिवस इथे काढलेत की तुम्ही करापुरते रहिवासी, मग खिशात कुठल्याही देशाचा पासपोर्ट असो. इथल्या फ्लॅटचं भाडं नागरिकत्व सोडल्यावरही इथे करपात्रच. आणि भारतीय राहून परदेशात स्थायिक झालेल्याच्या तिकडच्या पगारावर इथे तसाही कर नसतो. मग वाचवलं काय?

उलट अमेरिका नागरिकत्वावर कर लावते. जगाच्या पाठीवर कुठेही राहा, तिकडचं रिटर्न चुकत नाही. तिथलं नागरिकत्व सोडताना निव्वळ संपत्ती 20 लाख डॉलर किंवा जास्त असेल, तर सगळी मालमत्ता आदल्या दिवशी विकली असं धरून एका मर्यादेवरच्या नफ्यावर कर मागतात. 15 वर्षांतली 8 वर्षं ग्रीन कार्ड बाळगून ते परत करणाराही यात सापडू शकतो. 'रिटायर झालो की कार्ड देऊन टाकू' म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. टॅक्सला कंटाळून तिथलं नागरिकत्व घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खरं जातं ते वेगळंच. मतदानाचा हक्क जातो, निवडणूक लढवता येत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना भारत सरकार देतं ते) मिळालं तरी वारशाने सातबारावर नाव लागेल, पण शेतजमीन म्हणून एक गुंठा विकत घेता येणार नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 8 खाली रीतसर जाहीरनामा देऊन सोडलंत तर अल्पवयीन मुलांचं नागरिकत्वही जातं. सज्ञान झाल्यावर वर्षाच्या आत ती ते परत मागू शकतात.

आणि ते 'राहू दे रे जुना पासपोर्ट कपाटात, कोणाला कळतंय' सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. काका, नागरिकत्व कायदा 1955, कलम 9: परदेशी नागरिकत्व आपणहून घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, फॉर्म भरा न भरा. त्यानंतर तो पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. मतदारयादीत नाव राहिलंय म्हणून शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकणारे अमेरिकन नागरिकही मी पाहिलेत. पासपोर्ट सरेंडर केल्याचा कागद नसेल तर ओसीआयचा अर्ज अडतो, तेव्हा हेच काका 'सरकार किती छळतं' म्हणून सांगत फिरतात.