म्हणे एकच गोळी, सगळ्या कॅन्सरवर!

रावेर-यावलपासून धुळ्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "टार्गेटेड गोळी आली. कोणत्याही कॅन्सरवर चालते, साइड इफेक्ट शून्य. आता बायोप्सी नको, केमो नको."

'कोणत्याही कॅन्सरवर' इथेच गाडी घसरली. टार्गेटेड गोळी म्हणजे कॅन्सरच्या पेशीतलं एखादं ठरावीक प्रथिन अडवणारी गोळी. इमॅटिनिब घ्या, 2001 साली अमेरिकेत मंजूर झालेली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्या चुकीच्या जोडातून बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं. केळीच्या बागेतल्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा, तसं हे बंदच होत नाही. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनांना लावत राहतं आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा संदेश जात राहतो. या प्रथिनात एटीपी बसायची जी खाच असते, तिथेच इमॅटिनिब जाऊन बसते. फॉस्फेट लागत नाही, संदेश तुटतो. हीच गोळी पोटातल्या जिस्ट नावाच्या कॅन्सरच्या गाठींवरही चालते, कारण तिथलं बिघडलेलं किट प्रथिन तिच्या टप्प्यात येतं. पण आपल्याकडच्या गुटखा-तंबाखूच्या तोंडाच्या कॅन्सरला ती कामाची नाही. तिथे मुख्य उपचार शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच.

बायोप्सी नको? मग गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणतं प्रथिन बिघडलंय ते कळणार कसं, भो? ईजीएफआर हे पेशीला वाढीचा संदेश देणारं एक प्रथिन. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकातला बदल तपासणीत सापडला, तरच ओसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू करण्यात अर्थ. बरं, बदल सापडला म्हणजे संपलं असंही नाही. बीआरएएफ जनुकातला व्ही600ई हा बदल मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, असेल तर व्हेम्युराफेनिब या गोळीने गाठ आकसते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तोच बदल असला तरी एकटी ती गोळी फारशी चालत नाही. एक वाट अडली की तिथल्या पेशी ईजीएफआरच्या वाटेने संदेश पुढे नेतात. म्हणून दोन्ही वाटा एकदम अडवाव्या लागतात.

साइड इफेक्ट शून्य तर मुळीच नाहीत. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, पायांत गोळे येतात. ईजीएफआर निरोगी त्वचेतही असतो, त्यामुळे तो अडवणाऱ्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठतं.

केमोबद्दल एवढंच: एचईआर2 हे प्रथिन जास्त असलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ट्रास्टुझुमॅब हे टार्गेटेड औषध बहुतेकदा केमोसोबतच देतात.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की त्या एका ल्युकेमियात रोजच्या गोळीवर माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतात. तिथेही बीसीआर-एबीएलमध्ये टी315आय नावाचा बदल झाला की खाचेचा आकार बदलतो, इमॅटिनिब बसत नाही आणि पोनॅटिनिबसारखं दुसरं औषध शोधावं लागतं. म्हणून बरं वाटत असतानाही ठरलेल्या वेळी रक्त तपासायला जायचं असतं.