इंद्रायणीचा फेस आणि कंपन्यांच्या नावाने फिरणारा मेसेज

कार्तिकी जवळ आली की आळंदीच्या बंधाऱ्याखालच्या फेसाचा व्हिडिओ पुन्हा फिरू लागतो. सोबतचा मजकूर ठरलेला: हा सगळा कंपन्यांच्या केमिकलचा प्रताप, घरचं सांडपाणी नदी आपोआप पचवते, एक पूर आला की नदी धुऊन निघते, आणि गावोगावी एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, बसवले की प्रश्न मिटला. पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो.

आधी केमिकल. कारखाने साव आहेत असं कुणीच म्हणणार नाही. चोरून सोडलेलं पाणी पकडलंच पाहिजे. पण फेस आणणारे घटक साबणात, डिटर्जंटमध्ये, भांडी घासायच्या लिक्विडमध्येही असतात, म्हणजे तुमच्याआमच्या मोरीत. लोणावळ्यापासून निघालेली नदी कामशेत, तळेगाव, देहूचा परिसर आणि चिखली-मोशीचा काठ ओलांडून आळंदीला येते, तेव्हा या सगळ्यांची धुणीभांडी तिच्यात आलेली असतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं, त्यात हवा घुसळली गेली, की फेस उठतो. तो कुणाचा, हे व्हिडिओ बघून कळत नाही. बीओडी (पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) दोन्ही तपासावे लागतात. घरगुती सांडपाण्यात सीओडी साधारण बीओडीच्या दुप्पट असतो; तो कितीतरी पट निघाला तर कारखान्यावर संशय घ्यायला जागा आहे. ती तपासणी न करता बोट दाखवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. आणि त्या गडबडीत नगरपरिषद अलगद सुटते.

नदी पचवते, हे खरं आहे, पण किती? उन्हाळ्यातल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला फार तर ८ मिलिग्रॅम. कच्च्या सांडपाण्याला तो लागतो लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम; हाच त्याचा बीओडी. तीस हजार वस्तीचं गाव घ्या. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात धरलं, तर रोज ३२ लाख लिटरच्या वर सांडपाणी होतं. नदीत आंघोळ करायची तर तिच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. म्हणजे या सांडपाण्याच्या साधारण ऐंशी पट स्वच्छ पाणी वरून वाहायला हवं. एप्रिलमध्ये ते कुठून आणणार? शिवाय विष्ठेतले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ दिसणारं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेणाऱ्या वारकऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पुराचं थोडक्यात. पूर घाण संपवत नाही, पुढे ढकलतो. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. इकडे पूर ओसरला की नाले पुन्हा पहिल्यासारखे वाहतात, कारण गटारं काही सुट्टीवर जात नाहीत.

राहिला एसटीपी. तो लागतोच, पण फीत कापली म्हणजे तो चालला असं नव्हे. आत काम करतात जिवाणू, आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. प्रकल्पाच्या विजेतला मोठा वाटा हवा फुंकणाऱ्या ब्लोअरलाच जातो. थकलेल्या बिलापायी किंवा भारनियमनात ब्लोअर बंद राहिला की जिवाणू गुदमरतात, आणि ती फौज पुन्हा उभी राहायला दिवस जातात. ऑपरेटर टाकीतलं पाणी लिटरभराच्या नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवतो. चहाच्या रंगाचा गाळ तळाशी बसला आणि वर नितळ पाणी राहिलं तर ठीक. गाळ तरंगत राहिला तर बाहेर जाणाऱ्या पाण्याचाही भरवसा नाही. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, ऑपरेटर मात्र जागेवर लागतो.

त्याहून मोठी गोम पाइपलाइनची. छोट्या गावांत भुयारी गटार अर्धवट असतं. सेप्टिक टँकचं ओघळपाणी उघड्या गटारात, गटार ओढ्यात, ओढा नदीत, आणि प्रकल्प बिचारा अर्धपोटी. तेव्हा पुढच्या वेळी मेसेज आला की नगरपरिषदेला विचारा: किती घरं भुयारी गटाराला जोडली आहेत, प्रकल्पाची क्षमता किती आणि रोज पोहोचतं किती, आणि गेल्या महिन्याचं वीजबिल किती आलं. बिल फारच कमी असेल तर ब्लोअर किती तास चालला, तेही विचारा.