‘सगळे गोरेच’ म्हणणाऱ्या वाचकाला

‘कॅब्रिनी’ हा न्यूयॉर्कमधल्या गरीब इटालियन स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या मदर कॅब्रिनी या इटालियन ननवरचा चित्रपट. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘नन गोऱ्या, बिशप गोरे, अनाथ पोरंही गोरीच. यात विविधता दिसायला भक्ताचाच चष्मा हवा.’ मुद्दा मांडायच्या आधीच समोरच्याला भक्त ठरवायची एवढी घाई कशाला?

आधी माझी चूक. मी मदर कॅब्रिनींना ‘पहिली अमेरिकन संत’ म्हटलं होतं. १९४६ साली संतपद मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन नागरिक. अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या संत एलिझाबेथ सीटन, त्यांना ते १९७५ साली मिळालं. लेखात दुरुस्त केलंय.

आता ‘गोरे’. कॅब्रिनी ३१ मार्च १८८९ला न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा इटालियन माणूस तिथे गोऱ्यांत धरला जाईलच याची खात्री नव्हती. १४ मार्च १८९१ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमाव तुरुंगात घुसला आणि अकरा इटालियनांना ठार मारलं. त्यातल्या काहींना ज्युरीनं आदल्याच दिवशी निर्दोष ठरवलं होतं. चर्चमध्येही तेच. मॉट स्ट्रीटच्या ट्रान्सफिगरेशन चर्चमध्ये आयरिश मंडळी वर, इटालियनांची मिसा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) तळघरात. न्यूयॉर्कचे आर्चबिशप कॉरिगन आयरिश आईबापांचे. त्यांना आणि कॅब्रिनींना तुम्ही एकाच रंगाच्या डब्यात टाकलंत, की पडद्यावरचं भांडण कशावरून चाललंय तेच कळेनासं होतं.

खोट काढायचीच होती तर ती वेगळ्या जागी होती, आणि ती तुम्हाला दिसली नाही. कॅब्रिनी उत्तरेकडच्या, लोम्बार्डीतल्या. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतले इटालियन बहुतेक दक्षिणेचे: नेपल्स, कालाब्रिया, सिसिली. बोली वेगळी, आणि उत्तरेकडचे दक्षिणेला नाकं मुरडणारे. पडद्यावर उत्तरेच्या या बाईची भूमिका करणारी क्रिस्तियाना देल’आन्ना मात्र नेपल्सची! प्रतिनिधित्वाचा खरा वाद इथे घालता आला असता.

पण तो फरक आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. अठरा वर्षं सबटायटल करतोय, म्हणून सांगतो. रोमन लिपीत एका ओळीला साधारण ४२ अक्षरं, अशा दोन ओळी, पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद. त्यात अर्थ बसवतानाच दम निघतो, बोली कुठे बसवणार? कर्णबधिरांसाठीच्या सबटायटलमध्ये निदान कंसात भाषेचं नाव देता येतं, साध्यात बहुधा तेही नसतं. दक्षिणेकडच्या माणसाला मालवणी देऊन बघावी, तर नेपल्सचं कुडाळ होतं आणि गंभीर प्रसंगात लोक हसतात. शेवटी सबटायटलमध्ये सगळेच एकसारखं प्रमाण इंग्रजी बोलतात. तेवढंच वाचलं की उरतात चेहरे, आणि चेहरे गोरे. तुमचा निष्कर्ष बहुधा इथूनच आला असावा. डोळे वर करून ऐकायचे कष्ट कोण घेतो?

‘काळ्यांची वस्ती कुठाय?’ हा तुमचा प्रश्न दिग्दर्शक मोन्तेवेर्देंना विचारा, चित्रपट मी काढलेला नाही. (ते मेक्सिकन आहेत. तुमच्या डब्यात कुठे बसतात ते कळवा.) पार्श्वसंगीत आणि ‘स्त्रीवादी घोषणाबाजी’ या तुमच्या बाकीच्या तक्रारी म्हणजे ज्याची त्याची आवड.

पुन्हा बघाल तेव्हा इटालियन संवादांना पडद्याच्या खालच्या पट्टीवर हात धरा आणि नुसतं ऐका. आणि पुढच्या वेळी ‘भक्त’ न म्हणता लिहिलंत, तर उत्तरही जरा लवकर मिळेल.