चिरे आणि चरे

काळी गाडी घेऊ नये, असे मला तिघांनी तीन निरनिराळ्या कारणांसाठी बजावले होते. सासऱ्यांचे कारण शनीशी निगडित होते, मेहुण्याचे गाडी पुढे विकताना येणाऱ्या किमतीशी, आणि बायकोचे कारण तिच्या सवयीप्रमाणे एका वाक्याचे होते. "धूळ गाडीवर बसेल," ती म्हणाली, "पण ती ऐकावी मला लागेल." मी काळीच घेतली. शोरूमच्या दिव्यांखाली तिच्या बोनेटमध्ये मला माझा चेहरा दिसला होता आणि तो घरच्या आरशातल्यापेक्षा बरा दिसला होता, हे खरे कारण मी अद्याप कोणालाही सांगितलेले नाही.

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. आमच्या कुंपणाचे चिरे, पायऱ्यांचे चिरे, विहिरीचे चिरे आणि समोर चार महिने चाललेल्या बांधकामाचे चिरे हे सगळे एकाच तांबड्या जांभ्याचे आहेत. चिरा बसवण्यापूर्वी गवंडी तो तासतो, आणि तासताना जी धूळ उडते तिला आसपासची पंचवीस घरे सोडून माझ्याच गाडीचे टप आवडते. या मातीला तांबडा रंग येतो तो लोहाच्या गंजामुळे. पूर्वी उसगावच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक धावत तेव्हा कडेच्या झाडांची पानेसुद्धा तांबडी असत. 2012 च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या, पाने हिरवी झाली आणि पुष्कळ घरांतले चेहरे उतरले. त्या दिवसांत गाडीवरच्या धुळीची तक्रार करणे कोणालाच शोभले नसते. आता शोभते, असे मी धरून चालतो. ही माती बोटांना गुलालासारखी मऊ लागते, पण तिच्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात, आणि ही गारगोटी काचेवरसुद्धा ओरखडा काढते. चिरा आणि चरा या दोन शब्दांत एका वेलांटीचेच अंतर आहे, आणि ते राखणे गाडी पुसणाऱ्याच्या हातात असते.

पहिले वर्षभर मी गाडी वडील स्कूटर धूत असत तशीच धुतली : पाइप, बादली, जुन्या बनियनचा तुकडा आणि गोल गोल फिरणारा हात. पुढे मार्दोळला एका लग्नाला गेलो असता भर दुपारी गाडी उन्हात उभी होती. बोनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी शेकडो बारीक वर्तुळे चमकत होती. मी बोट फिरवून पाहिले, तर बोटाला काहीच लागेना. मेहुणा मागे येऊन उभा राहिला होता. "भाऊजी, ही तुमचीच सही आहे," तो म्हणाला. मेहुणा गाड्यांच्या रंगकामाच्या धंद्यात असल्यामुळे त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही, ही आमच्या नात्यातली मोठीच अडचण आहे.

पंगतीत बसल्यावर त्याने मला सविस्तर समजावले. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा एक पारदर्शक थर असतो. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो, आणि दर रविवारी मी बनियनच्या तुकड्यात गारेचे कण धरून तोच थर घासत आलो होतो. दिसली ती वर्तुळे खरे तर वर्तुळे नव्हतीच. चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चकाकतात, म्हणून सूर्याभोवती कडी दिसतात, आणि आपण दोन पावले सरकलो की ती कडीही आपल्याबरोबर सरकतात. पांढऱ्या गाडीवर ती सहसा नजरेत येत नाहीत, हे त्याने बायकोकडे पाहत सांगितले. चरे पॉलिश करून काढता येतात, परंतु पॉलिश करणे म्हणजे तो केसाहून पातळ थर आणखी थोडा झिजवणे. इतक्यात वाढप्याने पानात जिलेबी वाढली. तिच्या आकाराकडे मला पाहवेना.

दुसरे संकट पाण्याचे होते. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी खांडेपार नदीतून उचलून आम्हाला आणि पार पणजीपर्यंत दिले जाते. मे महिन्यात नदी बारीक होते तसा नळही बारीक होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, खांडेपारजवळ मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा व तिसवाडीतले नळ काही दिवस कोरडे पडले. छपरावरून धबधबा आणि नळातून फुसफुस असा तो काळ होता. तेव्हापासून आमच्या घरी पाण्याचा हिशेब बायको ठेवते. एका रविवारी ती मोबाइलवर वेळ लावून पाइपापाशी उभी राहिली. 15 लिटरची बादली एका मिनिटात भरली. मी पाइप वीस मिनिटे चालवतो हे तिला पाठच होते. "तीनशे लिटर," ती म्हणाली, आणि पुढे काहीही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

यावर मेहुण्याने जो तोडगा आणून दिला तो एका बाटलीत होता. गाडी न विसळता धुण्याचे ते निळे द्रावण होते. साबण लावून विसळायचे नाही, ही कल्पना माझ्या आईने भांड्यांच्या बाबतीतही खपवून घेतली नसती. पण हा साबण नव्हेच, असे मेहुण्याने सांगितले. यातले पॉलिमर धुळीच्या कणाला लपेटून घेतात आणि कण व रंग यांच्यामध्ये बुळबुळीत अस्तर ठेवतात, त्यामुळे कण फरफटत न जाता अलगद उचलला जातो. मंगेशीला सोमवारी देवाची पालखी निघते, तशी धुळीच्या प्रत्येक कणाची पालखी काढायची, असा मी त्याचा अर्थ लावला. प्रमाण एकास दोनशे छप्पन. 8 लिटर पाण्याला जेमतेम 31 मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाच्या टोपीने मी तीन टोप्या मोजून घातल्या आणि उरलेला एक मिलिलिटर अंदाजाने थेंबथेंब सोडला. मुलाला ताप आला असता मी औषध इतक्या काळजीने मोजले नव्हते, असे कोणीतरी मागून म्हणाले. आमच्या घरात अशी वाक्ये नेहमी मागूनच येतात.

पहिला प्रयोग एका रविवारी सकाळी साडेसहाला झाला. पत्रा थंड असावा आणि गाडी सावलीत असावी, ही पहिली अट. सावली म्हटली की झाड आले, झाड म्हटले की पाखरे आली, आणि आमच्या आंब्यावर रात्री वटवाघळेही येतात, जी कुठले तरी फळ खाऊन त्याच्या बियांसकट पावती टपावर ठेवून जातात. अशा पावतीला हात लावायचा नाही. भिजवलेला कपडा तिच्यावर ठेवून पाच मिनिटे वाट पाहायची आणि ती मऊ झाली की अलगद उचलून घ्यायची. मी घड्याळ मनगटावरून काढून पायरीवर ठेवले होते, कारण पट्ट्याच्या बकलाने चरा पडू शकतो; कमरेचा पट्टाही त्याच कारणास्तव सोडून ठेवला होता आणि अर्धी चड्डी एका हाताने सावरत होतो. साखरपुड्याची अंगठी काढून मी बायकोकडे दिली. तिने ती घेतली. तिच्या चेहऱ्यावरचा भाव वर्णन करण्याइतकी माझी लेखणी समर्थ नाही.

मायक्रोफायबरचे टॉवेल 12 होते. एक टॉवेल घ्यायचा, तो दोनदा दुमडायचा म्हणजे त्याच्या आठ बाजू तयार होतात. आधी पत्र्यावर तेच द्रावण फवारून मिनिटभर भिजू द्यायचे. मग भिजलेला टॉवेल हलकेच पिळून, त्याच्या स्वतःच्या वजनापलीकडे जोर न लावता, सरळ रेषेत पुढे न्यायचा. गोल हात वर्ज्य. एकदा पुसून झाले की बाजू बदलायची, आठही बाजू संपल्या की टॉवेल बाजूला ठेवायचा, आणि वापरलेला टॉवेल काहीही झाले तरी पुन्हा बादलीत बुडवायचा नाही. सुरुवात टपापासून करायची आणि दारांच्या खालच्या कडा, जिथे सगळ्यांत जास्त खर असते, त्या शेवटी घ्यायच्या. चाकांचे कपडे निराळे असतात. आमच्या आजीच्या सोवळ्यातही इतक्या पायऱ्या नव्हत्या.

टप पुसून होईतो शेजारचे काका दूध घेऊन परतले. ते कुंपणापाशी थांबले, बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी त्यांच्याने राहवेना. "गाडयेक न्हाणयता काय पावडर लायता?" त्यांनी विचारले. मी त्यांना पालखीची गोष्ट सांगितली. कण लपेटला जातो, घासला जात नाही, दाब अजिबात द्यायचा नाही, हे सर्व मी समजावीत असता ते मान डोलावीत जवळ आले, त्यांनी मागच्या दारावरच्या, अजून न पुसलेल्या जागेवर तर्जनी टेकवली आणि हातभर लांब रेघ ओढून मला प्रेमाने सांगितले, "हे बघ, इथं राहिलंय." माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून आमची मनी आंब्यावर चढली. काकांना वाटले, मला कमरेत उसण भरली. त्यांनी संध्याकाळी तेलाची बाटली पाठवून दिली.

त्याच गडबडीत हातातला टॉवेल खाली पडला. नियम असा आहे की जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा गाडीला लावायचा नाही. तो कितीही झटकला, कितीही धुतला, तरी त्याच्या लवेत अडकलेला एखादा कण निघालाच याची खात्री देता येत नाही. मी तो दोन बोटांत धरून स्वयंपाकघरात नेला आणि अतिशय जड मनाने बायकोला म्हणालो, "हा आता बाद झाला. तू घे." तिने तो पिळून ओट्यावरून एकदा फिरवला. शेगडीमागच्या फरशीवर जो तेलाचा थर दोन दिवाळ्यांपासून तळ ठोकून होता, तो एका हातात निघाला. तिने टॉवेल उलटसुलट करून पाहिला, उजेडाकडे धरला आणि विचारले, "असे किती आहेत म्हणालात?"

सव्वादोन तासांनी गाडी धुऊन झाली. मी ती उन्हात काढली, सूर्याचे प्रतिबिंब बोनेटवर घेतले आणि श्वास रोखून वाकून पाहिले. जुनी कडी होती तेवढीच होती. नवी भर पडली नसावी, असे मला वाटले आणि मी ते खरे मानले. वापरलेले पाणी आठ लिटर. पण हिशेब अद्याप पुरा झाला नव्हता, कारण आता टॉवेल धुवायचे होते, आणि ते इतर कपड्यांबरोबर चालत नाहीत. सुती कपड्यांची लव त्यांना चिकटते, कपडे मऊ करण्याच्या द्रावणाने त्यांचे तंतू बुजतात आणि फार गरम पाण्याने ते तंतू कडक होतात. म्हणून मशीनची एक पूर्ण खेप त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागली. बायकोने तिचे साठ लिटर धरले. त्यानंतर मी केलेल्या आंघोळीचे वीस. एकूण अठ्ठ्याऐंशी. तीनशेपेक्षा हे बरेच कमी आहे, हे तिनेही मान्य केले. फक्त सव्वादोन तासांत घरातली कोणकोणती कामे झाली असती याची यादी तिने हिशेबाच्या त्याच पानावर, खालच्या बाजूला लिहून ठेवली.

पावसाळ्यात हा प्रयोग बंद असतो. चिखल थापलेल्या गाडीवर कपडा फिरवणे म्हणजे सँडपेपर फिरवणे. आधी पाण्याच्या झोताने चिखल उतरवावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर ते काम आमच्याकडे वरून परस्पर होते. बाकीचे आठ महिने मात्र मी दर रविवारी अर्धी चड्डी सावरत अंगणात असतो. काका आता हात मागे बांधून, दोन पावले दूर उभे राहून पाहतात.

टॉवेल मात्र टिकेनात. धुतलेले टॉवेल मी मागच्या दोरीवर एकेकाला दोन चिमटे लावून वाळत घालतो आणि संध्याकाळी मोजून आत आणतो. पहिल्या महिन्यात बारांचे अकरा होते, कारण एक माझ्याच हातून पडला होता. एप्रिलमध्ये ते नऊ झाले आणि परवा मोजले तेव्हा सात भरले. दोरीखालची तांबडी माती लागलेला आठवा टॉवेल स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर लटकत होता.

"वाऱ्यानं पडला," बायको म्हणाली. "पडलेला चालत नाही ना तुम्हाला? म्हणून म्हटलं, वाया कशाला घालवा."

मी मागच्या दारी जाऊन पाहिले. मे महिन्याची दुपार होती, आंब्याचे पानसुद्धा हलत नव्हते, आणि दोरीवर आठव्या टॉवेलच्या जागी दोन्ही चिमटे अगदी शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेले होते.